पूर्ण भाड्याच्या काकू

मी कंजूष नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आणि बडोद्याच्या समा भागातल्या निम्म्या मराठी घरांत माझ्याबद्दल वेगळंच पसरलेलं आहे. साडी घेताना मी फार घासाघीस करत नाही, पाहुण्यांना वाढताना माझा हात आखडत नाही. पण रेल्वेला एक रुपयाही जास्त द्यायचा म्हटलं की माझ्या जिवावर येतं. तीच गाडी, तेच रूळ, तोच चहा, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला भाडं माझ्यापेक्षा कमी, हे मला सहनच होत नाही. लांबचा प्रवास दोन तुकड्यांत करण्यापेक्षा सरळ एकच तिकीट काढलं तर स्वस्त पडतं, वेगवान म्हणवणाऱ्या गाडीला वरचा आकार देऊनही ती साध्या गाडीच्या मागेपुढेच पोचते, आणि आयत्या वेळचं तत्काळ तिकीट म्हणजे दिवसाढवळ्या लूट, ही माझी तत्त्वं. आमचे हे म्हणतात, "यमाच्या रेड्यावर बसायच्या आधी तू खिडकीवर जाऊन विचारशील, याहून स्वस्त काही आहे का?" विचारीन की. त्यात काय चुकलं?

तर आमचं एक बुधवारचं मंडळ होतं. सहा बायका, दुपारी कुणा एकीच्या घरी जमायचं, दोन-चार भजनं म्हणायची आणि मग भजनांपेक्षा जास्त वेळ खायचं. मी, बँकेतून निवृत्त झालेली एक, छाणीहून रिक्षाने येणारी एक जिला आम्ही छाणीवालीच म्हणायचो, एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जाऊबाई, आणि आमच्या काकू. वर्षातून एकदा आम्ही सहल काढायचो. जीप ठरवायची, चांदोद नाहीतर पावागढ, संध्याकाळी घरी. जीपमध्ये पुढची सीट काकूंची. पहिला चहा काकूंना. देवळातला प्रसाद काकूंच्या हातून. त्यांचे केस पांढरेशुभ्र, साड्या फिकट रंगांच्या, बोलणं हळू. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. ते आमच्या सासऱ्यांच्या बैठकीतले होते. आम्ही समाला राहायला आलो तेव्हाच त्यांची नातवंडं सुट्टीत येऊन "आजी, आजी" करत काकूंच्या मागे फिरायची. त्यामुळे काकू या काकू, हे कुणी ठरवावं लागलंच नाही.

त्या काळात रेल्वे अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या बाईला निम्मं भाडं लावायची. ती सवलत पुढे बंद झाली, तिच्याबद्दल मी अजूनही हळहळते. बायका वय लपवतात म्हणे. आमच्या मंडळात एकेक जण अठ्ठावन्नाची झाली की आम्ही शेव-उसळ आणून तो दिवस साजरा करायचो. शेवटी छाणीवालीनेही ती रेषा ओलांडली आणि मी जाहीर केलं, "आता जीप बंद. सगळ्या अर्ध्या भाड्यात. लांब जायचं."

कुठे, यावर गोंधळ सुरू झाला. थोरल्या जाऊबाईंना हरिद्वार हवं होतं, बँकवालीला कुठलंही चालेल पण हॉटेलात गिझर हवा होता. त्या सगळ्या गलक्यात काकू म्हणाल्या, "जबलपूरला जाऊ या का?"

इतक्या वर्षांत काकूंनी स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं. जबलपूर त्यांचं माहेर. लग्न होऊन बडोद्याला आल्या त्या पुन्हा तिकडे गेल्याच नाहीत. आईवडील लवकर गेले, भाऊ दुसरीकडे गेला, घर विकलं गेलं, आणि यजमानांना प्रवासाचा कंटाळा. "तिथे आता कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पण ग्वारीघाट आहे. शाळा सुटली की आम्ही मुली नर्मदेवर जायचो. एकदा तिथल्या पायऱ्यांवर बसायचंय." एवढं बोलून त्या उगाचच पातेल्यावरचं झाकण सारखं करायला लागल्या. आपली नर्मदा चांदोदलाही आहे, पण ते त्यांना सांगायची आमच्यापैकी कुणाचीच इच्छा झाली नाही. जबलपूर ठरलं. छाणीवाली अजून शिकवण्या घ्यायची, म्हणून सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार धरला.

मग मी कामाला लागले. आरक्षणाच्या फॉर्मवर सहा नावं मावतात, आम्ही सहाजणी, जमलंच की सगळं. फक्त वयं हवी होती. बँकवालीने झटकन सांगितलं. छाणीवालीने आधी मला माझं विचारलं, मी एकसष्ट म्हटल्यावर मग तिचं दिलं. दोन्ही जावांचं वय लिहिताना लक्षात आलं की धाकट्या जाऊबाई थोरलीपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या आहेत. त्या दोघींना ते पहिल्यापासून माहीत होतं. "दीर धाकटे, म्हणून मी धाकटी," धाकटी सहज म्हणाली. "त्यात एवढी माथाकूट कसली?" आम्ही खूप हसलो. काकूंचं वय विचारायचं कसं? वडीलधाऱ्या बाईला असं विचारणं आम्हा कुणालाच बरं वाटेना. त्या स्वयंपाकघरात गेल्यावर आम्ही आपापसात कुजबुजलो. कुणी म्हणालं अडुसष्ट, कुणी म्हणालं सत्तरीच्या पुढे. मी सत्तर लिहून टाकलं.

सयाजीगंजात स्टेशनवर खिडकीला उभी राहिले आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की निम्म्या भाड्यात एसी मिळतोय. एसी! आमच्यापैकी बँकवाली सोडली तर कुणीही एसीच्या डब्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. मी सहा एसीची तिकिटं काढली आणि विजयी मुद्रेने घरी आले. पुढच्या बुधवारी भजन झालंच नाही. पांढऱ्या चादरी मिळतात का, उशी आपली न्यायची का, पडदे असतात का, हेच चाललं होतं. काकू सगळ्यांबरोबर हसत होत्या. त्यांनी आपले पैसे तिथल्या तिथे माझ्या हातात ठेवले. त्या कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नसत, तुटपुंज्या पेन्शनीत सगळं भागवायच्या. उठता उठता मी म्हटलं, "आणि हो, प्रत्येकीने ओळखपत्र बरोबर घ्यायचं. सवलत घेतलीये, तिकीट तपासनीस वयाचा पुरावा मागतो."

त्याच्या पुढच्या बुधवारी काकू म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे आता एवढ्या लांबच्या प्रवासाचे राहिले नाहीत."

सगळ्यांनी समजूत घातली, त्या हसून मान हलवत राहिल्या. मला मात्र राग आला. थोड्याच वेळापूर्वी मी त्यांना स्टुलावर चढून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढताना पाहिलं होतं. गुडघे म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी थडकले. मला मनात कुढत बसता येत नाही, जे असेल ते तोंडावर विचारते. "काकू, गुडघ्यांचं मला सांगू नका. काय झालंय?"

त्यांनी आधी चहा टाकला. माझ्यासमोर कप ठेवला आणि मग म्हणाल्या, "तुम्ही माझं वय किती लिहिलंत?"

"सत्तर. कमी झालं का?"

"मी पंचावन्नची आहे."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातला कप तसाच राहिला. ही बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती आणि मी तिला जीपमध्ये हात धरून चढवत होते.

मग त्यांनी सांगितलं. त्या बिजवराला दिलेल्या. सव्विसाव्या वर्षी बडोद्याला आल्या तेव्हा यजमान पन्नाशी ओलांडलेले, मुलं कॉलेजात. यजमानांच्या मित्रांची मुलं वयाने त्यांच्या बरोबरीची, काही तर मोठी, पण तीही पहिल्या दिवसापासून काकूच म्हणायला लागली. केस घराण्यातच लवकर पिकायचे. "नवऱ्याचं वय बायकोला चिकटतं," त्या म्हणाल्या. "मला कुणी कधी विचारलंच नाही. मग आपण होऊन सांगायचं तरी कुणाला?"

"पण काका गेल्यावर तरी सांगायचं ना!"

"तेव्हा तर मुळीच नाही." "चाळिशीतली बाई एकटी राहते म्हटलं की लोक कसे बघतात, ठाऊक आहे ना? काकू एकटी राहते म्हटलं की कुणी बघत नाही. बरं पडलं ते. मी निवांत राहिले."

पंधरा-सोळा वर्षं मी या बाईला बुधवारी बुधवारी भेटत होते. तिच्या लोणच्यात मीठ किती असतं ते मला माहीत होतं, आणि हे एवढं मोठं माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला.

"खोटं वय सांगून मला माहेरी जायचं नाही," काकू म्हणाल्या. "आणि खऱ्या वयाचं भाडं मला झेपत नाही. तुम्ही भराल म्हणाल, तर ते मी घेणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून गुडघे. दुसऱ्या कुणाला सांगू नका."

मी शब्द दिला आणि निघाले. रस्त्याने जाताना डोक्यात एकच चालू होतं. आयुष्यभर मी स्वस्त तिकिटं शोधली ती स्वतःच्या हौसेसाठी. आता एका बाईला ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवायचं होतं, आणि तेच मला जमणार नसेल तर माझी सगळी हुशारी चुलीत घालायच्या लायकीची होती. कुठली सवलत तिला लागू होईल? एकही नाही. तुकड्या-तुकड्यांनी पॅसेंजरने गेलो तर? शनिवार-रविवार गाड्या बदलण्यातच संपला असता. भाजीच्या गाडीपाशी मी उभी राहिले, भाजीवाला दोनदा विचारत होता, "बेन, शुं आपुं?" आणि तेवढ्यात मला ते दिसलं. इतकं सोपं होतं की मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. एसीचं अर्धं भाडं आणि साध्या स्लीपरचं पूर्ण भाडं जवळजवळ सारखंच. स्लीपरचं उलट थोडं कमीच. काकूंनी दिले होते त्याच पैशांत काकू पूर्ण भाड्याने, खऱ्या वयाने जात होत्या. फक्त आम्हा सगळ्यांना एसीतून खाली उतरायचं होतं.

हे बाकीच्यांना, का ते न सांगता, पटवायचं म्हणजे दिव्य होतं. "एसी रद्द, स्लीपरने जायचं," मी म्हटल्यावर एकच हलकल्लोळ झाला.

"अगं, मी सुनेला सांगितलंय एसीने जातेय म्हणून!" बँकवाली ओरडली. "आता तिला काय सांगू?"

"हिला अर्ध्याचंही अर्धं हवं असणार," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या कंजूषपणापुढे हात टेकले."

मी ऐकून घेतलं. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं, पण माझी बदनामी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाची होती. मग मी ठेवणीतलं काढलं. "होशंगाबादला गाडी नर्मदेच्या पुलावरून जाते. पाण्यात नाणं टाकायचं असतं की नाही? एसीची काच उघडते का?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नर्मदेवरून जायचं आणि नाणं टाकायचं नाही? छाणीवालीने तर कानाला हात लावला. "मग स्लीपरच. पाकं, ठरलं," ती म्हणाली, आणि बँकवालीच्या सुनेचा प्रश्न निकालात निघाला. काकूंचे गुडघे कसे बरे झाले, ते मात्र कुणी विचारलं नाही. त्या "येते" म्हणाल्या याचाच सगळ्यांना आनंद झाला होता. मी तिकिटं रद्द केली, त्यात रेल्वेने कापून घेतले ते माझ्या पदरचे गेले, आणि नव्या फॉर्मवर काकूंच्या नावापुढे पंचावन्न लिहिलं.

गाडी संध्याकाळची होती. डब्यात चढलो तेव्हा ऊन कलतं होतं. थेपले, बटाट्याची सुकी भाजी, लिलो चिवडा, पाण्याचा कूलर, जणू सहाजणी महिनाभरासाठी निघाल्या होत्या. तिकिटं माझ्याकडेच होती. आम्हा पाचजणींना वयामुळे खालचे आणि मधले बर्थ मिळालेले, आणि काकूंना सगळ्यात वरचा. मी तो आकडा सांगायचं टाळत होते. बँकवालीने मात्र आपल्या खालच्या बर्थवर चादर पसरली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही इथे. मी बघते माझं."

तेवढ्यात तपासनीस आला. वयस्कर, चष्म्यातून बघणारा गुजराती गृहस्थ होता. पाचजणींची ओळखपत्रं त्याने पाहिली, मग काकूंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं आणि मोठ्या मायेने म्हणाला, "माजी, तमने तो अडधी टिकिट लागे. आखी केम लीधी?"

अर्धं तिकीट लागत असताना पूर्ण का काढलं! पाच माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"तू?" बँकवाली माझ्यावर उसळली. "तू काकूंचं पूर्ण भाडं लावलंस? आमचं एसी घालवलंस, आणि काकूंचं पूर्ण भाडं? सगळ्या बडोद्याला तिकिटं शिकवतेस ना तू?"

काय सांगणार? शब्द दिलेला होता. "झालं चुकून," मी पुटपुटले. आयुष्यात इतके जड दोन शब्द मी कधी उच्चारले नसतील. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "उगाच नाही म्हणत, साठी उलटली की असंच होतं." कान तापले माझे. पण मी खिडकीबाहेर बघत बसले.

"तिची चूक नाही," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण गाडीच्या आवाजातूनही सगळ्यांना ऐकू गेला. "मला सवलत लागू नाही. मी पंचावन्नची आहे. तिने माझ्यासाठी एसी सोडलं आणि तुमच्या शिव्या खाल्ल्या."

तपासनीसाने आधी यादी पाहिली, मग चष्मा काढून काकूंना पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा पुढच्या खणात निघून गेला.

काकू उठल्या, पदर कमरेला खोचला, खालच्या बर्थच्या कडेवर एक पाय, मधल्या कडीवर दुसरा, आणि हां हां म्हणता वर जाऊन बसल्या. पाय खाली सोडून आमच्याकडे बघत राहिल्या. तोंडावर भीती होती, आता आपलं काय होणार अशी. मला ते बघवेना.

पहिली बँकवालीच हलली. ती सगळ्यांत मोठी, सहासष्टची. वर बघत म्हणाली, "म्हणजे माझी पाठ दुखत असताना मी दर वर्षी जीपच्या मागच्या फळीवर बसले, ते हिच्यासाठी?"

"मी नको म्हणायचे," काकू वरून म्हणाल्या. "तुम्ही ऐकायचात कुठे?"

धाकट्या जाऊबाईंना हसू फुटलं, आणि मग कुणालाच आवरेना. हसता हसता थोरल्या जाऊबाई रडायलाच लागल्या आणि थेपल्यांचा डबा वर देत म्हणाल्या, "घे, खा, पोरी." पोर हा शब्द ऐकला आणि काकूंनी तोंड वळवलं. बराच वेळ त्या भिंतीकडेच बघत होत्या. आम्हीही त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी जबलपूरला उतरलो, सामान टाकलं आणि आधी ग्वारीघाट गाठला. त्यांच्या मनात होता तसा तो राहिला नव्हता, दुकानं वाढली होती, गर्दी होती. पण पायऱ्या होत्या आणि पाणी होतं. त्या वरच्या पायरीवरच थांबल्या. आम्ही पायांवर पाणी घेतलं, नर्मदेला हात जोडले, आणि रिवाजाप्रमाणे धाकट्या जाऊबाई थोरलीला वाकल्या. चार महिने गेले खड्ड्यात. ते पाहून काकू खाली आल्या आणि एकेकीला वाकायला लागल्या.

आमची फजितीच झाली. इतकी वर्षं आशीर्वाद त्यांनी द्यायचे, आम्ही घ्यायचे. आता द्यायचा तर काय द्यायचा? सौभाग्याचा देता येत नव्हता. बँकवालीने नुसता डोक्यावर हात ठेवला. छाणीवाली "सुखी राहा" म्हणाली. जावा दोघी काहीतरी पुटपुटल्या. शेवटी ती माझ्यासमोर वाकली. लहान माणूस वाकलं की तोंडातून आपोआप येतं ते "मोठी हो" अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तिथेच थांबवलं. मोठी तर आम्ही तिला केव्हाच करून ठेवलं होतं.

"जा," मी म्हटलं. "मजा कर."

तिने चपला काढल्या, साडी जरा वर घेतली आणि भराभर पायऱ्या उतरत पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मग त्याही पुढे. "अगं, घसरशील!" मागून कुणीतरी ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही. आम्ही पाचजणी पायरीवर ओळीने बसलो आणि तिच्या चपला सांभाळत राहिलो.